वरची कोरडी फरशी

तर्कनिपुण घरमालकांस,
सादर नमस्कार.

तुमचा निरोप पोचला. छत माझ्या निष्काळजीपणामुळे खराब झालं, ते दुरुस्त करून महिनाअखेर जागा सोडायची. तर्क चोख आहे. तुम्ही वर जाऊन पाहिलंत, तर तुमच्या मातोश्रींची फरशी खडखडीत कोरडी. म्हणजे दोष खालच्याचा. पाणी खालून वर चढवणारा भाडेकरू तुम्हाला लाभला, अभिनंदन.

ती फरशी कोरडी असते, कारण ती मी पुसतो. काकू नळ सोडतात आणि विसरतात. माझ्या उशीवर थेंब पडला की मी फडकं घेऊन वर पळतो. काल म्हणाल्या, "मास्तर, छत तुमचं गळतं आणि पुसता माझी फरशी?" मग हळूच म्हणाल्या, "त्याला सांगू नका हं. आणखी एकदा विसरले तर वृद्धाश्रमात ठेवीन म्हणालाय."

खरं सांगितलं तर काकू जातात. गप्प बसलो तर मी जातो, आणि मग नळ बंद करायला कुणीच नाही, म्हणजे मागोमाग काकूही जातात. शास्त्रात याला उभयतःपाश म्हणतात, दोन्हीकडून आवळणारा दोर. वर्गात शिकवताना फार सोपा वाटायचा.

म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहील. तुमच्याकडे येईल ते दोन ओळींचं: नुकसान माझ्याच हातून झालं, भरून देतो, फक्त जागा सोडायला लावू नका. एवढ्या गळक्या घराचा मोह कशाला, असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर जुळवतच होतो, तेवढ्यात कागदावर थेंब पडला.

फडकं घेऊन वर निघालेला,
तुमचा निष्काळजी भाडेकरू