चाळा, एकवचनी

ता. २ फेब्रुवारी

ज्या तीन भावंडांना एकाच घरात, एकाच आवाजात ‘स्वस्थ बस’ असं बजावत वाढवलं, आणि ज्यांना त्यामुळे आजतागायत कुठेच स्वस्थ बसता आलेलं नाही, त्या आपणा तिघांना हे पत्र. म्हणजे ती. दादास शि. सा. न. वि. वि. आणि चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. तुम्ही दोघं एका छपराखाली राहता, तरी मजकूर कार्बन घालून दोन पाकिटांत पाठवते आहे. दादा, त्याचं पाकीट फोडू नकोस. तो चव्वेचाळीस वर्षांचा आहे.

मी शनिवारी छापखान्यात जाऊन आले. धाकट्याला घरी बसवलं त्याला आठवडा झाला आणि नोटिशीवर कारण लिहिलंय ‘असभ्य वर्तन’. एकोणीस वर्षं तो तिथे मुद्रितं तपासतो. त्याच्या नजरेतून सुटलेली वेलांटी शोधून दाखवा, मी भाषणं द्यायची सोडून देईन. खिडकीजवळचं त्याचं टेबल पाहिलं. लाल पेन्सिली टोकाने टोक जुळवून ठेवल्यात. खुर्चीच्या मागच्या दोन पायांखाली रबराच्या चकत्या आहेत. तो वाचताना मागेपुढे डोलतो ना, तेव्हा फरशी वाजू नये म्हणून त्यानेच बसवल्यात. आपल्या डोलण्याचा आवाज दुसऱ्याला होऊ नये एवढी काळजी घेणारा माणूस असभ्य!

समोरच्या टेबलावरच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की एकोणीस वर्षांत त्याने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं नाही, त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाला मात्र एकदाही माफी दिली नाही. मग हे लिहून द्या म्हटलं, तर म्हणाल्या की आता विषय तसला झाला, त्यात माझं नाव कसं घालू? एवढं बोलून त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी तो घेतला नाही.

मग तक्रार कोणाची, असं व्यवस्थापकाला विचारलं. त्याने सांगितलं की इथल्या कोणाचीच नाही. घरच्या एका जबाबदार माणसाचं पत्र आलंय.

आपल्या घरी जबाबदार म्हणवून घेणारा माणूस एकच आहे. दादा, तू लिहिलंस का? डॉक्टरीणबाईंनी दोन वर्षांपूर्वी आपल्यासमोर सांगितलं होतं की ही स्वमग्नता आहे, आजार नाही, खोडी नाही. डोलणं, खिशातला तो छपाईच्या अक्षराचा शिशाचा खिळा अंगठ्याने घासणं, हा त्याचा चाळा आहे आणि तो त्याला सावरतो. तू तेव्हा मान हलवली होतीस. ती कशासाठी?

चौकशी शुक्रवारी, २७ तारखेला, सकाळी अकराला आहे. त्या दिवशी त्याची नोकरी राहील किंवा जाईल. उलट टपाली कळव. दोघांवर माया आहेच. दादा, तुझ्या वाटणीची तूर्त राखून ठेवते आहे.

तुमची,
ताई


ता. ९ फेब्रुवारी

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र नेहमीप्रमाणे सभेत उभं राहून लिहिल्यासारखं होतं. मी श्रोता नाही, थोरला भाऊ आहे, तेव्हा टाळ्यांची अपेक्षा ठेवू नकोस.

होय, पत्र मी लिहिलं. मला लपवायचं काय कारण? माझ्या निवृत्तीच्या समारंभात तू आजारपणामुळे नव्हतीस. आपला धाकटा लोलक पहिल्या रांगेत बसला होता (बाबांनी त्याला ठेवलेलं नाव किती नेमकं होतं बघ) आणि माझं भाषण चालू असताना पाऊण तास मागेपुढे, मागेपुढे. मागची मुलं हसत त्याच्या तालावर डोलायला लागली. प्रमुख पाहुण्यांनी माझ्या कानात विचारलं की त्या गृहस्थांना बाहेर न्यायचं का. छत्तीस वर्षं व्याकरण शिकवून मी निरोप घेत होतो आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर माझ्या भावाची पाठ.

म्हणून व्यवस्थापकाला लिहिलं. तो माझाच विद्यार्थी. भावाला शिस्त लावा एवढीच विनंती होती. त्याने शब्दाचा भलताच अर्थ घेतला असेल तर मी काय करू? भाषा त्याची तेव्हाही कच्चीच होती. आणि सौम्य शब्दांत लिहिलं असतं तर कागद फायलीत पडून राहिला असता. मला फक्त धाक बसायला हवा होता.

आता मी पुन्हा लिहून द्यावं की माझा शब्द चुकला, हे शक्य नाही. ‘नाम : लिंग, वचन, विभक्ती’ हे माझं पुस्तक त्याच छापखान्यात, याच महिन्यात छापून होतंय. व्याकरणकाराने पुस्तक बाजारात आणायचं आणि त्याच आठवड्यात सही करून सांगायचं की वचन चुकलं? लोक पुस्तक नाही, ते पत्र वाचतील.

बातमी मात्र आनंदाची आहे. तो सुधारला. पहिल्याच दिवशी मी तो खिळा काढून घेतला आणि भंगारात दिला. शिसं विषारी असतं, हे तुझ्या डॉक्टरीणबाईंनी सांगायला हवं होतं. दोन दिवस गडी खिशात हात घालायचा आणि रिकामा बाहेर काढायचा. आता जेवणाच्या टेबलाशी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसतो. डोलत नाही, गुणगुणत नाही. बोलतही कमी, हा फायदाच. इतकी वर्षं कोणाला जमलं नाही ते मी पंधरा दिवसांत केलं. तुझी वहिनीही म्हणाली की घर कसं शांत झालंय.

नोकरी गेली तर गेली. घरात खायला आहे. तुझी तब्येत जप, आणि राग निवळला की दोन ओळी पाठव. थोरल्याला तेवढी अपेक्षा ठेवायचा हक्क आहे.

तुझा,
दादा


ता. १७ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. पहिलं न फोडता मिळालं. दुसऱ्यात तू ‘व्यवस्थित’चा ‘स्थि’ दीर्घ लिहिला आहेस. तो ऱ्हस्व असतो. तू रागात असलीस की दीर्घ लिहितेस.

तू क्रमाने सांग म्हणालीस, म्हणून क्रमाने सांगतो. व्यवस्थापकांनी मला बोलावून दादाचं पत्र वाचायला दिलं. त्यातलं वाक्य असं आहे : ‘तो दिवसभर खिशात हात घालून चाळे करतो. आपल्याकडे स्त्री-कर्मचारी आहेत, तेव्हा वेळीच आवर घालावा.’ मला चूक लगेच दिसली. मी खिशातली पेन्सिल काढली, ‘चाळे’मधली मात्रा खोडली, तिथे काना दिला आणि समासात खूण केली. माझ्या हाती कागद दिला की मी हेच करतो. व्यवस्थापक ओरडले की पुराव्यात फेरफार केला. आता माझ्यावर दोन आरोप आहेत. दुसरा खरा आहे.

मी त्यांना समजावलं की चाळा म्हणजे हाताला किंवा मनाला लागलेला विरंगुळा, आणि चाळे म्हणजे वेगळंच. ते म्हणाले की फरक मला शिकवू नका, तुमच्या भावाला माहीत असणारच. ते मला पटलं.

ताई, दादाला फरक माहीत आहे. त्याचं पुस्तक मीच तपासलंय. पान एकसष्टवर ‘अनेकवचनात अर्थ बदलणारी नामे’ असा भाग आहे आणि तिसरं उदाहरण हेच आहे. व्याख्या उत्तम आहे, मला तिथे एकही खूण करावी लागली नाही. म्हणून ती चूक त्याच्या हातून घाईत झाली असणार. त्याला तसं म्हणालो, तर तो उठून आत गेला. माझ्याकडची त्या पानाची कच्ची प्रत सोबत पाठवतो, म्हणजे तुलाही खात्री पटेल की त्याला येतं.

खिळ्याबद्दल तू विचारलंस. तो छपाईच्या टायपातला काना होता. खिळे वितळवायला नेले तेव्हा म्हाताऱ्या कंपोझिटरांनी तेवढा मला दिला होता, म्हणाले की हा सगळ्यात जास्त खपायचा. त्याची कड अंगठ्याखाली फिरत असली की पंख्याचा आवाज, यंत्राचा आवाज, ट्यूबलाइटचा आवाज, सगळे बाहेर उभे राहतात आणि कागदावर फक्त अक्षरं उरतात. तो नसला की सगळे एकदम आत येतात. डोलल्यानेही तसंच होतं, पण दादाच्या घरी डोलायचं नाही असं ठरलंय.

मी एक सोय काढली आहे. गालाची आतली बाजू दाढांमध्ये धरतो. बाहेरून काही दिसत नाही. वहिनीही म्हणाली की आता अगदी चारचौघांसारखा दिसतोस. फक्त तिखट, मीठ आणि गरम लागलं की झोंबतं, म्हणून तीन दिवस गार दूध घेतो. बोलताना ओठांशी रक्त येतं, तेव्हा बोलत नाही.

एक काम होतं. मी नऊ वर्षांचा असताना तू माझ्या चड्डीचे खिसे दुहेरी दोऱ्याने शिवले होतेस. ते कधीच उसवले नाहीत. चौकशीला घालायची पँट पार्सलने पाठवली आहे. तिचे दोन्ही खिसे तसेच शिवून दे, म्हणजे हात चुकूनही आत जाणार नाही आणि साहेबांना बरं वाटेल. दोरा काळा वापर.

तू कशी आहेस? खोकला गेला का? आहे तेवढी माया पुरते, वाढवायची घाई नाही.

तुझा,
धाकटा


ता. २१ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

आज सभा नाही, टाळ्या नकोत. तुझ्या घरातल्या शांततेचा हिशेब तेवढा देते. तुझा भाऊ सुधारलेला नाही, तो स्वतःचं तोंड आतून खातो आहे. आज त्याला समोर बसव आणि तोंड उघडायला सांग. तो उघडेल, सांगितलेलं सगळं ऐकतो तो, आपण त्याला तसाच वाढवलाय.

आपण म्हणते, कारण मी सुटत नाही. बाबांनी सांगितलं आणि मी खिसे शिवले. बारा वर्षांची होते. टाके बारीक आले म्हणून शाबासकी मिळाली आणि मी ती घेतली. दिवसभर तो मांडीवरून हात फिरवत खिशाचं तोंड शोधत होता आणि तू, मी, बाबा, आपण तिघं हसलो. आज पस्तीस वर्षांनी तो मला लिहितो की दोरा काळा वापर. त्या ओळीनंतर मी माणसांसमोर कुठल्या तोंडाने बोलायचं?

पान एकसष्ट माझ्यासमोर आहे. ‘चाळा : मन रमवणारी निरुपद्रवी सवय. चाळे : असभ्य, निर्लज्ज वर्तन. लेखकाने वचन योजताना सावध असावे.’ सावध होतास, दादा. तू चुकला नाहीस. कुठला शब्द वर्मी लागेल हे पाहून उचललास, आणि त्याला जोडून ‘स्त्री-कर्मचारी’ लिहिलंस. ते मला लिहिलेल्या पत्रात मात्र तू गाळलंस. आणि तो बिचारा तुझी बाजू मांडायला मला पुरावा पाठवतो, की बघ, दादाला येतं!

आईच्या उशाशी बसून तू म्हणाला होतास की धाकट्याला मी अंतर देणार नाही. व्याकरणातलं वचन तू जाणूनबुजून फिरवलंस आणि आईला दिलेलंही. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तोच शब्द मोठ्या टायपात छापून घेतो आहेस. लोक हसतील याची तुला भीती वाटते ना? मागच्या रांगेतली मुलं हसली, पाऊण तासच हसली. हा माणूस चाळीस वर्षं ते हसू पाठीवर घेऊन फिरतोय आणि त्याने खुर्चीला रबर लावलं, तुझ्यासारखं पत्र लिहिलं नाही.

त्याची पँट आली. खिसे शिवले नाहीत. उलट शिंप्याकडून आत मऊ अस्तर लावून घेतलं, आणि उजव्या खिशात माझ्या किल्लीची पितळी चकती ठेवली आहे. ती कान्यासारखी नाही. कानाच हवा म्हणून भंगाराच्या दुकानात गेले होते. दुकानदार म्हणाला की तो लॉट गेल्याच आठवड्यात वितळला.

समोरच्या बाई सही देत नाहीत, व्यवस्थापक तुझ्या शब्दाबाहेर जात नाही. आता त्याची नोकरी फक्त तुझ्या एका मात्रेवर टांगली आहे. म्हणून मागणं एकच. क्षमा मागू नकोस, भाषण करू नकोस, त्याला मिठी मारू नकोस. ती त्याला सोसत नाही. शुक्रवारी अकरा वाजता छापखान्यात ये. तुझं पत्र टेबलावर असेल, त्याची खूण समासात असेल. लाल पेन्सिल मी आणते.

लोभ कोणाचा किती ते त्या दिवशी कळेल. आलास तर तुझ्या हाताने ती मात्रा खोड, काना दे आणि खाली सही कर.

तुझी,
ताई