रावसाहेबांचा खोकला

४ जानेवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मामांचा खोकला साधा नाही. डॉक्टरांनी छातीचं स्कॅन केलं. रोगाचं नाव इंटरस्टिशियल लंग डिसीज. अक्षरं मी त्यांच्याकडून तपासून घेतली. फुप्फुसात हवेच्या बारीक पिशव्या असतात, त्यांच्यामधला पडदा सुजतो, जाड होतो आणि शेवटी निबर होतो. निबर झालेला भाग पुन्हा मऊ होत नाही. पण कारण सापडून दूर झालं, तर उरलेला वाचू शकतो.

म्हणून डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं. कामाच्या जागी धूळ? मामा घड्याळं दुरुस्त करतात. त्यांच्या टेबलावर बसायची धुळीची हिंमत नाही. भिंतींना बुरशी? नाही. घरात पक्षी? मामांनी ठणकावून नाही म्हटलं, मीही मान हलवली.

मी घर उलटंपालटं केलंय. पडदे उकळले. मामांची लाडकी उशी पिसांची समजून जाळली, ती कापसाची निघाली. तेव्हापासून मामा माझ्याशी बोलत नाहीत. रावसाहेबांशी मात्र तासन्‌तास गप्पा चालतात. रावसाहेब आता हुबेहूब मामांसारखे खोकतात. मी मामा, बसा, जरा बसा म्हणत पाण्याचा पेला घेऊन धावतो, तर ते पिंजऱ्यातून मान वाकडी करून माझी गंमत बघत असतात.

तुझ्या धीराच्या पत्राची वाट पाहणारा,
तुझा भाचा

९ जानेवारी

चि. भाच्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी डोळे पुसले, मग कपाळावर हात मारला. अरे गाढवा, रावसाहेब कोण? तुझे चुलते? पोपट हा पक्षी नाही तर काय हत्ती आहे? माझ्या भावाने त्याला खांद्यावर बसवून घड्याळं उघडली, स्वतःच्या ताटाशेजारी त्याची वाटी मांडली, म्हणून त्याची पिसं गळायची थांबली का? डॉक्टरांना ताबडतोब खरं सांग आणि तो पोपट माझ्याकडे पाठव. मामाला म्हणावं, ताई रागावली आहे. लहानपणापासून तो मलाच तेवढा भितो.

काळजी करून स्वतः आजारी पडू नकोस.
तुझीच, मावशी

१७ जानेवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

रावसाहेबांचं ऐकून डॉक्टरांनी पक्षी नाही ही जुनी नोंद माझ्यासमोरच दोनदा खोडली. पिसांची आणि विष्ठेची बारीक धूळ काहींच्या फुप्फुसांना सोसत नाही, म्हणाले. गोळ्या आणि श्वासाचे व्यायाम सुरू झाले. पोपट जायलाच हवा. मामा म्हणाले, मग मीच जातो, रावसाहेबांना या वयात घर बदलणं झेपणार नाही. तेव्हा तुझा राग कळवला. मामांनी रावसाहेबांची वाटी धुऊन पिंजऱ्यात ठेवली.

शेजारच्या टेम्पोवाल्याबरोबर पिंजरा पाठवला आहे. व्हरांड्यातच ठेव, साफ करताना मास्क लाव. त्यांना अरेतुरे केलेलं चालत नाही. मामा निरोप द्यायला येणार नाही म्हणाले होते. टेम्पो वळेपर्यंत खिडकीत होते.

राग उतरला की कळव.
तुझा भाचा

२० मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्याकडून आम्ही दोघं सुखरूप घरी पोचलो. मामांचा खोकला बराच उतरलाय. जिन्यात अजून थांबतात. गेलं ते परत येणार नाही, पण सध्या आणखी बिघडत नाही, असं डॉक्टर म्हणतात.

काल तू आत चहा टाकत होतीस, तेव्हाची गोष्ट. मागच्या व्हरांड्यातून खोकला ऐकू आला. मामा दचकले. कुजबुजत मला म्हणाले, ताईकडे कोण बिचारा राहतोय, त्याला लवकर दवाखान्यात न्यायला हवं. मी सांगितलं, मामा, हा तुमचा. जानेवारीतला. तेवढ्यात रावसाहेब माझ्या आवाजात म्हणाले, मामा, बसा, जरा बसा.

घरी आल्यावर मामांनी गोळी स्वतः मागून घेतली. एरवी मला हातापाया पडावं लागतं. मग हे पत्र लिहायला बसवलं. त्यांचा निरोप असा: तो खोकला रावसाहेबांकडेच राहू दे, मला परत नको. मामा बसा हे मात्र ते विसरले तरी चालेल. ते ऐकवणारा इथे घरातच आहे.

आमच्यावर आणि रावसाहेबांवर माया ठेव.
तुझा भाचा