पाणी कुठलं घातलंस

तात्या, आज गाडी तापली. लेकाला लोणी देवकरला त्याच्या कंपनीत सोडून परत येत होते, सकाळचे दहाही वाजले नव्हते, आणि तापमानाचा काटा मधल्या रेघेवरून वर सरकायला लागला. तुम्ही शिकवलं होतं तसंच केलं. इंजिनाची उष्णता ओढून घ्यायला भर उन्हाळ्यात हीटर लावला, घामानं निथळत गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावला नाही. फोन करून मेकॅनिकला बोलावलं. त्यानं पान्हा काढायच्या आधी विचारलं, "ताई, पाणी कुठलं घालता?" मी एवढी दचकले की तो हसला. दोष पंख्याच्या फ्यूजचा निघाला. पाच मिनिटांत बदलून तो गेलासुद्धा. मी मात्र स्टिअरिंग धरून तिथंच बसून राहिले.

तुमच्या गॅरेजात तापलेली गाडी आली की तुमचाही पहिला प्रश्न हाच असायचा. लहानपणी मी तुमचा डबा घेऊन यायची, उलट्या ठेवलेल्या टायरवर बसायची आणि तुम्ही मान वर न करता सांगायचात, "इंजान खोटं बोलत न्हाय, बाय. मालक बोलतो. म्हून इच्यारताना त्याच्या तोंडाकडं बघायचं." काट्याबद्दलही सांगायचात. वर चढला तर भ्यायचं, आणि चढलेला काटा एकाएकी खाली आला तर जास्त भ्यायचं, कारण पाणी संपलेलं असतं आणि काट्याला मोजायला काही उरलेलं नसतं. मला हे सगळं पाठ होतं. पाठ असून माणूस काय दिवे लावतो, ते मी दाखवलं.

आपल्या शेळगावच्या बोरचं पाणी भगुल्यात उकळलं की बुडाला पांढरा थर धरतो. डाळिंबाच्या ड्रिपच्या नळ्या त्यानंच तुंबायच्या आणि ॲसिड सोडून त्या मोकळ्या करायचं काम माझंच होतं, तेव्हा मला ठाऊक नव्हतं म्हणायची सोय नाही. तुमचे गुडघे गेल्यावर गॅरेज बंद झालं आणि जुनी गाडी तुम्ही माझ्या हवाली केलीत. तिच्या रेडिएटरच्या रबरी होजमधून पाणी थेंब थेंब गळायचं. कूलंट आणायला आणि होज बदलायला बारामतीला जावं लागलं असतं, आणि बागेत छाटणी चालू होती. बांधावर बोरची नळी चालूच असायची. अख्खा उन्हाळा मी तिथलीच कळशी भरून ओतली. रोज म्हणायचे, उद्या जाऊ.

मग तो दुपारचा रस्ता. तुम्ही शेजारी बसलाय, छातीवर हात, शर्ट पाठीला चिकटलेला. बारामतीचा दवाखाना अजून लांब आहे. मी काट्याकडं बघत नाही, तुम्ही बघताय. "गाडी घे बाजूला. तांबड्यात गेलाय." मी म्हणते, तात्या, जाऊ द्या इंजिन. तुम्ही म्हणता, "बंद पडली तर दोगं हितंच ऱ्हाऊ." थांबलो. अंगातला जीव जात असताना तुम्ही दाराला धरून खाली उतरलात. अर्धा तास बाभळीच्या तोकड्या सावलीत थांबून, ओलं फडकं टाकून तुम्ही झाकण हळूहळू फिरवलंत आणि विचारलंत, "पाणी कुठलं घातलंस?"

"कूलंटच की," मी म्हणाले.

तुम्ही माझ्या तोंडाकडं बघितलं नाही. झाकणाच्या आत बोट फिरवलंत, बाहेर काढलंत. बोटाला पांढरं लागलं होतं. ते तुम्ही धोतराला पुसलंत आणि म्हणालात, "वत आता, बाटलीतलं. हळू वत."

प्यायची बाटली ओतून निघालो. थोड्या अंतरावर काटा पुन्हा चढला आणि एकदम तळाला आला. त्याच वेळी तुम्ही मान मागं टेकलीत. "उतरलं बघ छातीतलं," म्हणालात, "आता बरं वाटतंय." दोन्ही एकदम उतरलं, तात्या. गाडी तिथंच सोडली, दुधाच्या टेम्पोला हात केला. दवाखान्याच्या दारात तुमचा हात माझ्या हातात गार पडत होता.

डॉक्टरांनी विचारलं, एवढा उशीर कसा झाला. मागून आलेल्या दादानं सांगितलं, वाटेत गाडी तापली. दहाव्याला, तेराव्याला, वर्षश्राद्धाला सगळे तेच सांगत राहिले, "गाडीनं घात केला." जुनी गाडी, चालायचंच. ती का तापली, हे आजवर कुणीही विचारलं नाही. मीही मान डोलवायची. गाडी भंगारात गेली तेव्हा आई रडली, मी कोरडीच होते.

आता नव्या गाडीत कूलंटच असतं, डिकीत एक डबा जास्तीचा असतो. हे लिहून कुठं पाठवणार, गाडीच्या कागदांच्या कप्प्यात घडी करून ठेवीन. तुम्हाला कळलं होतं का, हे मला इतकी वर्षं विचारायचं होतं. पण आज लिहिताना कळलं की ते मला त्या बाभळीखालीच ठाऊक झालं होतं. बोरचं पाणी होतं, तात्या. तुम्ही बोट पुसून पुन्हा विचारलं नाही, तेव्हा मला हायसं वाटलं होतं.