पेरूच्या पाल्याचा काढा

चि. बेबीस,

ताईचा आशीर्वाद. इकडे सगळे मजेत आहेत, माझा गुडघाही फारशी कुरकुर न करता जिने चढतो. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहिते आहे.

छातीतल्या गाठीचं ऑपरेशन पुढे ढकललंस आणि परसातल्या पेरूचा पाला उकळून पितेस. का, तर माझी सून त्याच पाल्यावर कॅन्सरचं संशोधन करते म्हणून.

काल मी तिच्या प्रयोगशाळेत गेले. पाल्याच्या अर्कात सोन्याचा क्षार घातला की डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक सोन्याचे कण तयार होतात. त्या कणांनी गाठ हुडकावी आणि औषध नेमकं तिथेच पोचवावं, अशी त्यांची खटपट आहे.

"आणि पाला?" मी विचारलं.

"गाळून कचऱ्यात, आई. मावशींना सांगा, त्यांच्या आधी अजून उंदरांचा नंबर लागायचाय."

ती हसली. मला हसू आलं नाही.

गाठ मऊ लागते, असं मागच्या पत्रात लिहिलंस. बोटांनी चाचपून काही कळत नसतं. काखेत काही लागतं का? वजन उतरलंय का? तुझ्या यजमानांना हे ठाऊक आहे, की त्यांच्यापासूनही लपवलंस?

पत्र वाचून झालं की काढा मोरीत ओत आणि दवाखान्यात जाऊन मिळेल ती पहिली तारीख घे. उलट उत्तर नको. मी तिकीट काढलंय. दार उघडायला तूच यायला हवीस.

तुझी,
ताई