गोदूच्या खानावळीतलं तिसरं ताट

करंजाडे, पनवेल
शनिवार, १८ जानेवारी २०२५

चि. सुशांत,

आशीर्वाद. तुला नको असले तरी देतो, ते परत घेता येत नाहीत. इथे थंडी बरी आहे. समोरच्या प्लॉटवर आणखी एक टॉवर चढतोय, त्यामुळे सकाळी टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ असते.

पत्ता अनुयाकडून घेतला. बहिणीवर चिडू नकोस, मीच महिनाभर तिचं डोकं खाल्लं. फोन तू उचलत नाहीस, ठीक आहे. छत्तीस वर्षं पोस्टात काढलेला माणूस शेवटी पत्रावरच येणार.

आता हसशील अशी बातमी. मी हल्ली हॉटेलं धुंडाळतो. हो, मीच! बाहेरचं खाणं म्हणजे पोटाची वाट लावणं, असं तुला जन्मभर ऐकवणारा तुझा बाप. पनवेलकरांना बाहेर जेवायचं झालं की ते जुन्या पनवेलच्या बाजारात जातात, नाहीतर पळस्प्याच्या ढाब्यांवर. करंजाड्यात काय, नुसत्या बिल्डिंगी, असं मीही म्हणायचो. पण मागच्या गल्ल्यांत अर्ध्या शटरच्या आड काय काय शिजतंय, काय सांगू तुला! हार्डवेअरच्या दुकानाला लागून नगरची एक बाई कुळथाची शेंगोळी करते. लसणाची फोडणी बसली की हार्डवेअरवाला गिऱ्हाईक सोडून वाटी घेऊन उभा. पुढच्या चौकात मंगळूरचा एक म्हातारा नीर डोसे घालतो. त्याच्या चटणीत काहीतरी आहे, मला कळत नाही. तुला जिभेवर ठेवताच कळलं असतं. मला आपलं 'छान' म्हणता येतं.

हे सगळं तुझ्या आईसाठी चाललंय. ऑगस्टमध्ये तिचं ऑपरेशन झालं. पोटात गाठ होती. तुला कळवायचं नाही अशी शपथ तिने मला आणि अनुयाला घातली होती, आणि मी ती पाळली. शपथ पाळणं सोपं असतं रे, काहीच करायचं नसतं.

डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद यायला हवी. अंडी, मासे, जे जाईल ते द्या. अंड्याचा वास तिला सोसवेना. माझ्या हातचा वरणभात ती तरी किती दिवस गिळणार? म्हणून डबा घेऊन दारोदार हिंडायला लागलो. प्रत्येक ठिकाणचं ती दोन चमचे खायची आणि म्हणायची, "छान आहे हो, आता तुम्ही घ्या." मी घ्यायचो. माझा पट्टा एक भोक पुढे सरकला आणि तिच्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या.

नोव्हेंबरात गोदूची खानावळ सापडली. गोदू मूळची उरणकडची. चार टेबलं, एकच पायरी, आणि मासे सकाळी आलेले. जिताड्याचं कालवण असं की मी तांदळाच्या तीन भाकऱ्या हाणल्या. वाटलं, इथे हिला भूक लागेल. दुसऱ्या दिवशी रिक्षाने घेऊन गेलो. ताट समोर आलं. आईने कालवणाचा वास घेतला आणि तिचे डोळे भरले. घास उचलला, तोंडाशी नेला आणि परत ताटात ठेवला. मी भडकलो. तुला माहीत आहे माझं. "अगं, एवढी तंगडतोड करतोय मी, एक घास तरी खा!" असं चार लोकांत ओरडलो.

गोदू हातातला पळा तसाच घेऊन आली. "काका, वराडू नका." मग आईजवळ बसली. "ताई, तुमी मावरं सोडलंय काय?"

आई म्हणाली, "हो. माझा सुशांत भरल्या ताटावरून उठला, त्या दिवसापासून. त्याचं ताट पुरं झालं की मी खाईन."

चार वर्षं, सुशांत. या चार वर्षांत दर रविवारी आणि बुधवारी तिने मला मासे करून घातले. तळलेली तुकडी गरम गरम ताटात टाकायची, मी दुसरी मागायचो. ती नेहमी मागाहून बसायची, मी तोवर हात धुऊन पेपर उघडलेला. तिच्या ताटात काय असतं ते मी एकदाही पाहिलं नाही. हे गोदूला एका दुपारी कळलं. त्या दिवशी मला गोदूच्या तोंडाकडे बघवेना.

तू नोकरी सोडून हॉटेलात स्वयंपाक करणार म्हणालास, तेव्हा मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "शिकूनसवरून लोकांना वाढत बसणार? वाढप्या कुठला!" ते बोलत होतो तेव्हा तुझी आई मला वाढतच होती. चुकलं माझं. हे लिहायला चार वर्षं लागली, आणि बोलायला मला अजूनही जमेलसं वाटत नाही.

मागच्या सोमवारी डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, आता पथ्य काही नको, त्या मागतील ते द्या. तिने खुर्चीतून मान हलवली. बाहेर आल्यावर मलाच म्हणाली, "घाबरू नका." मला काय करावं ते कळत नाही रे. ती काही मागतच नाही.

तुला बोलवू नका म्हणते. "पोराला ओढून आणून मन भरत नाही," म्हणते. मी हे पत्र लिहितोय ते तिला ठाऊक नाही. माझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही म्हणाला होतास. नको पिऊ. गोदूची खानावळ माझं घर नाही. आम्ही रोज साडेबाराला तिथे जातो, तुझ्या आईला चालवतंय तोवर. आई नुसता भात आणि सोलकढी घेते. गोदू न सांगता तिसरं ताट मांडते आणि पालथं घालून ठेवते. मी समोर नको असेन तर बाहेर पायरीवर बसेन. तू आल्यावर ती किती खाईल, सांगता येत नाही. एक घास खाईल कदाचित. तुझ्यावर जबरदस्ती नाही. मी जबरदस्ती करून बघितलीय, त्यातून काय होतं तेही बघितलंय.

एकच अडचण आहे. गोदू विचारते, काका, पोरगा आला तर ताईसाठी कुठलं मावरं आणू? सदतीस वर्षं झाली लग्नाला, तुझ्या आईला कुठला मासा आवडतो हे मला माहीत नाही. तिला विचारलं तर म्हणते, "तुम्हाला आवडतो तोच."

तुला माहीत असेल. मला नको, गोदूलाच कळव. नंबर पाकिटावर मागच्या बाजूला लिहिलाय.

वाढायला शिकतोय,
तुझा बाबा