मलखांबाची खुर्ची

ता. ९ जानेवारी १९७४
तालीम आज रिकामी केली. जागा कापडाच्या गोदामाला गेली. मलखांब आणि मुदगलांच्या चार जोड्या माझ्या फर्निचरच्या दुकानात आणून टाकल्या. वस्ताद बैलगाडीमागं चालत आले, गुडघे धरत. कारागीर खांब ओलांडून ये-जा करत होते, तर म्हणाले, "पाय लावू नका रे, तीस वर्षं नमस्कार घेतलाय त्यानं." मंग मला बाजूला घेऊन, "नाम्या, आता जमिनीवर बसवत न्हाई. ह्याचीच एक खुर्ची कर मला."
बाजारात सगळे शेठ म्हणतात. नाम्या म्हणणारा एवढा एकच उरला. मंठ्याहून आल्तो तेव्हा ह्याच खांबाखाली झोपायचो, वस्तादांच्या घरी काकूंच्या हातची भाकर खाऊन.

ता. १६
खांब चिरला. सागवान अस्सल, पण दर शनिवारचं एरंडेल पार आत मुरलेलं. फळ्या सरसानं चिकटवल्या, सकाळी नुसत्या हातानं सुटल्या. पालिशही धरेना. लाकडी खुंट्या मारून जमेल, पण आठ दिवस जातील. लग्नसराईचे पलंग अर्धवट पडलेत.

ता. २३
वस्तादांचा दुसऱ्यांदा निरोप, झाली का. दुकानातल्याच सागाची बैठक आणि पाठ करून टाकली. पाय मात्र मुदगलांचे. कोणाला कळणार.

ता. २४
खुर्ची पोचती केली. वस्तादांनी बैठकीवरून तळवा फिरवला, नाकाशी नेला. "छान झाली. उंची बराबर." काकूंनी चहा दिला. निघालो, ओट्यावर चपला घालत होतो. कान माझे तिखट, लाकूड ठोकून आवाजावर पारखायचा धंदा. आतून वस्ताद, "त्यो खांब न्हाई हा. एरंडेलाचा वास कुठंय?"
काकू, "मंग बोलला का न्हाई त्याला?"
"नको. पोरगं वरमंल."
चपला हातात घेऊनच गल्ली संपवली.

ता. २७
भाजीबाजारात काकू. विचारलं, बसतात का. "कोणी आलं की त्याला देतात खुर्ची. आपण खाली सतरंजीवर. उठवायला दोघं लागून राह्यलेत."
मला म्हणाल्या, वाळलास रे.

ता. २८
पलंगवाल्याला सांगितलं, उशीर होईल. तो बोलला बरंच. बोलू दिलं.
खांबाच्या फळ्या पुन्हा काढल्या. सरस न्हाई, खिळा न्हाई. भोकं पाडायची, बाभळीच्या खुंट्या ठोकायच्या. कारागीर म्हणतो, "शेठ, ही पालिशला कधी?" म्हटलं, ही अशीच.
हाताचा वास साबणानं जात न्हाई. दोनदाच धुतले.

ता. ५ फेब्रुवारी
झाली. मी बसून पाहिली न्हाई, कोणाला बसू दिलं न्हाई. हातगाडी स्वतः ढकलत नेली. दाराला कुलूप.
शेजारीण म्हणाली, "सकाळीच औरंगाबादला नेलं. श्वास लागल्ता. काकू बी गेल्या संगं."
"शुद्धीत होते?"
"होते की. सतरंजीवर बसले होते, तसंच उचललं."
खुर्ची ओट्यावर ठेवली. शेजारणीला सांगितलं, कोणी बसू नका हिच्यावर. ती म्हणाली, कोण बसतंय.
उद्या पहिल्या गाडीनं जातो. तिथं आधी काय सांगू. खुर्ची झाली हे, का ती पहिली खांबाची नव्हती हे.