निळ्या माणसाला खोली

३ फेब्रुवारी १९८२, बुधवार. भालकी
आज आयुष्याला दिशा मिळाली. बंडेप्पाच्या टॉकीजमध्ये इंग्रजी सिनेमा पाहिला. आभाळातून एक निळा माणूस पडतो. उडतो, एका हातानं रेल्वे अडवतो, जळत्या इमारतीतून लोकांना बाहेर काढतो. पण शहरात त्याला भाड्यानं खोली मिळत नाही. दार उघडतं, रंग दिसतो, दार बंद. मी रडलो. मागचे लोक शिट्ट्या मारत होते. त्यांना रेल्वे दिसली, मला समाज दिसला. शेवटी कॉलेजात समाजशास्त्र शिकवणारा माणूस आहे मी.
संकल्प: या सिनेमाचा खरा अर्थ जिल्हाभर सांगायचा. शिवाय पहाटे उठायचं. शारदाशी वाद घालायचा नाही. (बायकोला अर्थ सांगायला लागलो तर म्हणाली, येताना मीठ आणलंत का. वाद घातला नाही. मीठ विसरलो होतो.)

५ फेब्रुवारी
पुन्हा पाहिला. क्रांतिकारक रचना! निळ्या माणसाला आधी शहरातून हाकलतात, मग तो आभाळातून पडतो. म्हणजे समाज माणसाला येण्याआधीच हाकलून मोकळा होतो. ग्रेट. सुटल्यावर बंडेप्पाला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "सर, तसं काय न्हाई ओ. ऑपरेटर पेट्या उलट्या-पालट्या करायलाय. तिसरं रीळ पयलं लागायलंय. कोण बोंबललं न्हाई, म्हणून ऱ्हाऊ दिलं."
धंदेवाईक माणूस. माझा अर्थ कायम.

८ फेब्रुवारी, सोमवार
स्टाफरूममध्ये विषय काढला. कन्नडचे शिवशंकरप्पा म्हणाले, निळा माणूस म्हणजे कन्नड भाषा. आपल्याच राज्यात तिला कोण विचारतंय? मराठीचे गुंडेराव उसळले. निळा माणूस म्हणजे सीमेवरचा मराठी माणूस, इकडचे त्याला तिकडचा म्हणतात आणि तिकडचे इकडचा! दोघांची जुंपली. दोघांनीही सिनेमा पाहिलेला नाही. मी म्हटलं, तुम्ही दोघं संकुचित. निळा माणूस म्हणजे ज्याला आपण घरात घेत नाही तो. सगळे वह्या तपासायला लागले. प्रभाव पडला.
कोपऱ्यात भीमण्णा मान हलवत होते. फिजिक्सचे, नवीन आहेत, रोज कमठाण्याहून बसनं ये-जा करतात. मी जात मानत नाही, त्यामुळे त्यांची जात मला माहीत नव्हती. आमच्या शिपायाला, तिप्पण्णाला, विचारून घेतली. माझा अंदाज बरोबर निघाला. भाषणात उदाहरण द्यायला जवळचा माणूस हवाच होता.

११ फेब्रुवारी
भीमण्णांनी वऱ्हांड्यात गाठलं. म्हणाले, "सर, तुमी माज्याच मनातलं बोललाव." पुढं म्हणाले, "तुमच्या रस्त्याकडच्या दोन खोल्या रिकाम्या हायत म्हणं. बँकेवाले गेले न्हवं? मंडळीला आन् लेकराला आणावं म्हणायलोय. बसमंदीच जीव जायलाय. गावात खोल्या हायत सर, पण आडनाव सांगितलं की तेंचे पाव्हणेच येणार असतेत."
मी गहिवरलो. हुबेहूब सिनेमातला प्रसंग! 'पाव्हणेच येणार असतात' हे वाक्य भाषणात घेतो. खोल्यांबद्दल म्हणालो, भिंतींना ओल आहे. ऐन फेब्रुवारीत ओल कशी, असं फिजिक्सच्या माणसानं विचारायला हरकत नव्हती. विचारलं नाही. सुसंस्कृत माणूस.
घरी शारदा म्हणाली, "कुटं हाय ओल? मी तितं पापड वाळवायलेय की!"
हिला व्यापक दृष्टी नाही. प्रश्न दोन खोल्यांचा नाहीच, अखिल समाजाचा आहे. समाज तयार झाला की खोल्या कुठं पळून जातात?

१४ फेब्रुवारी, रविवार
ऐतिहासिक दिवस. ठाणाकुशनूरला पहिलं जाहीर भाषण. तिथले श्रीमंत पाटील ओळखीचे, त्यांनी जमवलं. नुसतं बोलून भागणार नाही, भोगलं पाहिजे, असं वाटलं. म्हणून रंगाऱ्याकडचा निळा रंग तोंडाला, मानेला, हातांना लावून गेलो. लोक दगड मारतील अशी तयारी होती. टाळक्याला टॉवेल बांधला होता. प्रत्यक्ष उदाहरण म्हणून भीमण्णांना बरोबर घेतलं.
बसमध्ये लोकांनी उठून जागा दिली. भीमण्णा मागं उभे राहिले. गावात उतरताच नागूबाई नावाच्या म्हातारीनं पाय धरले, "आलास गा किस्ना!" मी म्हटलं, आजी, मी कृष्ण नाही, मी शोषित आहे. तिनं नारळ फोडला. हॉटेलात मला बाजेवर बसवून कपबशीत चहा. भीमण्णांना बाहेर खुंटीवरचा ग्लास दिला, त्यांनी तो लिंबाखाली उभं राहून प्याला आणि स्वतः विसळून परत अडकवला. चांगली सवय. तसं त्यांना बोलूनही दाखवलं.
भाषण देवळाच्या पायऱ्यांवर झालं. भीमण्णा लांब, रस्त्यापलीकडं उभे होते. मोकळी हवा आवडते त्यांना. शेवटी लोकांनी आरती केली. परतताना भीमण्णा वाटभर डोळे मिटून बसले होते. भाषण खोल गेलेलं दिसतंय.
निष्कर्ष: रंगभेद ठाणाकुशनुरातून समूळ गेला आहे. प्रत्यक्ष अनुभव.

१५ फेब्रुवारी
रंग जात नाही. साबण, लिंबू, रॉकेल, सगळं झालं. शारदा म्हणाली, रॉकेल लावून चुलीजवळ येऊ नका, तेवढंच राहिलंय. प्रिन्सिपॉलनी दारातूनच रजा मंजूर केली. मागितली नव्हती.

१८ फेब्रुवारी
निळाच. दुपारी उदगीरकडची काही मंडळी गाणगापूरला निघालेली, ती विचारत विचारत घरी आली. दर्शन घेऊन गेली. एकीनं नातवाला माझ्या मांडीवर ठेवलं. तो किंचाळला. फक्त त्यालाच माझ्यातला शोषित कळला.
शारदा म्हणते, "एवडे अनोळखी लोक घरात घ्यायलाव, मग त्या बिचाऱ्या मास्तरला कामून न्हाई?" हे तर्काला धरून नाही. ते लोक अर्ध्या तासात जातात.

२३ फेब्रुवारी
कानामागं सोडून रंग गेला. विचार करायला वेळ मिळाला. निर्णय: खोल्या भीमण्णांना देणार! पण गुपचूप देण्यात समाजाचा काय फायदा? शनिवारी स्नेहसंमेलन आहे. स्टेजवरून जाहीर करायचं. तोपर्यंत त्यांना सांगायचं नाही. आज ते लगबगीनं बसला चालले होते. आतल्या आत हसलो.

२७ फेब्रुवारी, शनिवार
जाहीर केलं! "निळ्या माणसाला मी माझ्या घरात जागा देत आहे!" टाळ्या. पुढच्या रांगेतल्या मुली माझे कान बघत होत्या. भीमण्णांना उभं राहायला सांगितलं. कोणी उभं राहिलं नाही. पुन्हा सांगितलं. तिप्पण्णानं स्टेजजवळ येऊन हळू सांगितलं, पण माईक चालू होता. "सर, ते सामान टाकायलेत. बंडेप्पाच्या टॉकीजमागच्या खोल्यांत. काल बस हुकली, मग रातीच ठरलं."
गळ्यात हार तसाच ठेवून कसाबसा खाली उतरलो आणि थेट टॉकीज. बंडेप्पाला विचारलं, खोल्या का दिल्या?
"रिकाम्या हुत्या."
म्हटलं, तसं नाही, त्यामागचा विचार काय? सिनेमाचा परिणाम झाला का?
तो डोकं खाजवत म्हणाला, "परिणाम म्हंजे... तितं भिंतीपल्याड सिनेमाचा आवाज येतोय सर, कोण टिकत न्हाई. ह्येनला आदीच सांगितलं. ते म्हणले चालतंय. मग किल्ली दिली."
साधा माणूस. माझे विचार नकळत त्याच्यात झिरपलेत. श्रेय नको मला.

४ मार्च, गुरुवार
भीमण्णांकडं जेवण. स्टाफमधल्या सगळ्यांना बोलावलं होतं, आम्हाला जोडीनं. जायलाच हवं होतं. माझ्यासारख्यानं नाही जायचं तर कोणी? जाताना शारदाला सिनेमातला शेवटचा प्रसंग (म्हणजे पहिला) समजावत होतो. तिनं ऐकलं नाही.
खोल्या छोट्या, पण नेटक्या. त्यांच्या मंडळी गुरुबाईंनी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, केली होती, वर तुपाची धार. ज्वारीच्या भाकरी, पुंडीची (अंबाडीची) भाजी, शेंगाची चटणी. शिवशंकरप्पा आणि गुंडेराव शेजारी बसून भाषेचं भांडण विसरले होते, तोंडं भरलेली होती. माझं पान मांडलं. मी भीमण्णांच्या पाठीवर हात ठेवला, म्हटलं, हा क्षण फार मोठा आहे. आणि एकदम आठवलं, आज गुरुवार, दत्ताचा वार, माझा उपवास.
शारदा म्हणाली, "सकाळी उप्पीट खाल्लाव की!"
सगळ्यांसमोर. मी म्हटलं, उप्पीटानंतर धरला.
भीमण्णांनी आग्रह केला नाही. पान उचलायला वाकले. तेवढ्यात शारदानं त्यांच्या हातातून पान घेतलं. "असू द्या अण्णा, वाया कामून घालवायलाव? मी खाते." गुरुबाईंना म्हणाली, अजून वाढा, ह्येंच्या वाटचं मलाच वाढा. दोन्ही पानं पुसून खाल्ली. नंतर दोघी आत जाऊन कितीतरी वेळ हसत होत्या. कशाला, ते कळलं नाही.
घरी आल्यावर भूक लागली. शारदानं चूल पेटवली नाही. म्हणाली, माजं पोट भरलंय, आन् तुमचा उपवास हाय.
पाणी पिऊन बसलोय.
हुग्गी फार छान झाली होती म्हणे.